घोड्याच्या घरात गेलेलं प्यादं

1993 चा मे महिना. सांगलीतल्या एका शाळेचं सभागृह. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या अजिंक्यपद स्पर्धेची चौथी फेरी चालू होती. माझ्यासमोर बसलेल्या मुलानं दुसऱ्याच चालीला राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि तो पाणी प्यायला निघून गेला. तसं जाण्यात एक मिजास होती. माझी चाल तो येईपर्यंत झालेली असेल आणि ती कोणती असेल हे त्याला ठाऊक आहे, असं मला सुचवायचं होतं.

मी पांढऱ्या सोंगट्या घेऊन खेळत होते. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, त्यानंही तेच. मग वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं मी दोन घरं पुढे केलं. इथपर्यंत सगळं शिकवल्याप्रमाणे. याला वजिराचा गॅम्बिट म्हणतात. पांढरा एक प्यादं देऊ करतो, काळ्यानं घेतलं तर मधली घरं पांढऱ्याला मोकळी मिळतात. काळा सहसा घेतो किंवा आपल्या प्याद्याला टेकू देतो. या मुलानं दोन्ही केलं नाही. त्यानं स्वतःचंच एक प्यादं माझ्यापुढे टाकलं. तू मला लाच देतोस काय, घे, मीही देतो, अशी ती चाल. मी ते प्यादं खाल्लं. परत आल्यावर त्यानं बसायच्या आधीच, उभ्या उभ्या, आपलं वजिरापुढचं प्यादं आणखी एक घर रेटलं. ते माझ्या मुलखात चौथ्या रांगेवर येऊन उभं राहिलं. खाल्लेल्या प्याद्याच्या बदल्यात त्यानं माझ्या घशात एक हाड अडकवून ठेवलं होतं.

या उलट्या डावाला आल्बिनचा काउंटरगॅम्बिट म्हणतात, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच वाटलं, की हा मुलगा एक तर वेडा आहे नाही तर त्याच्याकडे पुस्तक आहे.

आल्बिन हा माणूस मला आता फार जवळचा वाटतो, त्याचं कारण बुद्धिबळ नाही. अडॉल्फ आल्बिनचा जन्म 1848 चा, बुखारेस्टचा. शिक्षण व्हिएन्नात झालं, मग परत येऊन त्यानं छापखाना चालवला. 1872 साली त्यानं रोमानियन भाषेतलं बुद्धिबळावरचं पहिलं पुस्तक लिहिलं. त्यानंतरचा त्याचा धंदा अनुवादाचा. जर्मनीत ‘रेल्वेचा राजा’ म्हणून गाजलेला श्ट्राउसबर्ग नावाचा एक उद्योगपती रोमानियात रेल्वे बांधत होता, त्याच्याकडे आल्बिन दुभाष्या म्हणून लागला. 1875 मध्ये रेल्वेचा राजा दिवाळखोर झाला आणि दुभाष्या बायकामुलांना घेऊन व्हिएन्नाला गेला. पुढे तो बुद्धिबळाकडे वळला, आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्यांदा दिसला तो चाळिशी ओलांडल्यावर. चाळिशी ओलांडलेल्या, मानधनाच्या चेकची वाट बघणाऱ्या कुठल्याही अनुवादकाला हे चरित्र वाचून धीर येईल. आज आपण ज्यांना खेळाडू म्हणतो ती मुलं सहाव्या वर्षी सुरुवात करतात आणि चाळिशीत प्रशिक्षक होतात.

1893 साली न्यूयॉर्कला एक स्पर्धा झाली. एमानुएल लास्कर नावाच्या पंचविशीच्या आतल्या तरुणानं तेरापैकी तेरा डाव जिंकले. असा पराक्रम फार थोड्यांना साधला आहे. दुसरा आला आल्बिन, साडेआठ गुणांनी. त्या स्पर्धेत लास्करविरुद्ध त्यानं हा उलटा गॅम्बिट खेळून पाहिला. हरला तो. पण नाव त्याचं लागलं. मुळात ही चाल त्याची नव्हेच. 1881 मध्ये मिलानच्या स्पर्धेत साल्व्हिओलीविरुद्ध काव्हालोत्ती नावाच्या इटालियन खेळाडूनं ती खेळली होती. (काव्हालो म्हणजे इटालियनमध्ये घोडा. या नावाची गंमत पुढे लक्षात येईल.) लेखकाचं नाव मागे पडून दुभाष्याचं नाव पुढे राहिल्याची उदाहरणं जगाच्या इतिहासात किती असतील? मला हे एक माहीत आहे, आणि मी ते जपून ठेवलं आहे.

‘गॅम्बिट’ या शब्दाशी माझी गाठ पडली ती मात्र कामातच. एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद करताना एक वकील दुसऱ्या वकिलाच्या खेळीला काउंटरगॅम्बिट म्हणतो, तिथे मी दोन दिवस अडले. वर्तमानपत्रांतल्या बुद्धिबळाच्या सदरांत ‘गॅम्बिट’ तसाच ठेवतात आणि ते ठीकच आहे, वाचकाला सवय झालेली असते. कादंबरीतल्या कोर्टात तो शब्द परका वाटत होता. म्हणून मूळ शोधायला गेले. स्पेनमधला रुय लोपेझ हा धर्मगुरू बुद्धिबळाचा मोठा खेळाडू. 1561 साली त्यानं लिहिलेल्या पुस्तकात हा शब्द बुद्धिबळात येतो. त्यानं तो इटालियनमधून घेतला. गांबा म्हणजे पाय, आणि गांबेत्तो म्हणजे कुस्तीत पायात पाय घालून समोरच्याला पाडणं.

म्हणजे टांग!

मिरजेत वाढलेल्या कुणालाही हे सांगायला नको. आमच्याकडे लाल मातीच्या तालमी गल्लोगल्ली होत्या, आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्यांची वर्णनं घरात जेवताना व्हायची. ढाक, टांग, पट, घिस्सा ही नावं आम्ही मुलीसुद्धा वापरायचो. आणि मराठीत कुस्तीचाही डाव असतो, बुद्धिबळाचाही डाव असतो. पेच दोन्हीकडे पडतो. लोपेझला जी उडी मारून एका खेळातला शब्द दुसऱ्या खेळात न्यावा लागली, ती आपल्या भाषेनं न सांगता मारून ठेवलेली आहे. प्रत्येक डावाला कुस्तीत तोड असते. पण काउंटरगॅम्बिट म्हणजे तोड नाही. तोड म्हणजे उपाय, बचाव. इथे समोरच्यानं टांग टाकली तर आपण सावरत नाही, आपलीही टांग टाकतो; कोण आधी मातीला लागतो ते बघू. मी शेवटी ‘उलटी टांग’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘प्रतिडाव’ केलं. असो.

परत सांगलीला येते. माझी चौथी चाल. समोरच्याचं प्यादं चौथ्या रांगेत रुतलंय, ते उखडायला हवं. सगळ्यात साधी चाल म्हणजे राजापुढचं प्यादं एक घर पुढे करून त्याला आव्हान द्यायचं. मी तेच केलं. नवखा माणूस तेच करतो, आणि हा सापळा त्याच्यासाठीच आहे. काळ्या उंटानं शह दिला. मी मधे माझा उंट घातला. काळ्यानं शह दिलेला उंट तसाच ठेवला आणि प्याद्यानं माझं प्यादं खाल्लं. आता त्याचं प्यादं तिसऱ्या रांगेत, माझ्या राजाच्या अगदी तोंडाशी होतं. आणि त्याचा उंट माझ्या उंटाच्या तोंडी मोकळाच होता.

फुकटचा उंट. सभागृहात पंख्यांचा खडखडाट, मधूनच घड्याळाची कळ दाबल्याचा आवाज. माझा हात उंटापर्यंत गेला होता.

काय होईल? प्यादं अजून एक प्यादं खाऊन राजाला शह देईल. राजानं ते खावं म्हटलं तर माझ्या वजिराला आधार राहत नाही, आणि समोरून त्याचा वजीर टपलेलाच आहे. तेव्हा राजा वजिराला धरून एक घर पुढे. मग ते प्यादं कोपऱ्याशेजारच्या घरातला माझा घोडा खाईल आणि शेवटच्या रांगेत पोचेल. पोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. वजीर झाला तर माझं काहीच बिघडत नाही: मी आधी माझ्या वजिरानं त्याचा जुना वजीर खाणार, शह देऊन, त्याच्या राजाला तो परत खावा लागणार, मग माझा हत्ती नवा वजीर खाणार. हिशेब फिटला. पुस्तक नसलेला कुणीही हुशार मुलगा इथपर्यंत मोजतो, मान डोलावतो आणि उंट खातो.

मी खाल्ला नाही. कारण माझ्या डोक्यात ते प्यादं वजीर झालंच नाही, घोडा झालं. घोडा अडीच घरं चालतो, आणि त्या घरातून अडीच घरांवर माझा राजा उभा होता. म्हणजे शह. शह असल्यामुळे मला त्याचा वजीर खायला सवडच नाही. हत्तीनं घोडा खावा तर त्याचा दुसरा उंट तिरका येऊन राजाला शह देतो आणि राजामागे उभा असलेला माझा वजीर जातो. मी हात मागे घेतला, उंटाकडचं प्यादं वाकडं खेळून त्याचं घुसलेलं प्यादं खाल्लं. माझ्या दोन प्याद्यांची एकामागे एक अशी कुरूप रांग झाली, पण जीव वाचला.

या सापळ्याला आज लास्करचा सापळा म्हणतात. सुरुवातीच्या सात चालींत प्याद्याचा घोडा होतो आणि तोच बरोबर असतो, असा दुसरा प्रसिद्ध नमुना मला माहीत नाही. पुस्तकांत या चालीपुढे उद्गारचिन्ह असतं. तेरा वर्षांच्या मला ती दिसली ती हुशारीमुळे नव्हे. मला आजोबांनी शिकवलं होतं, आणि आजोबांच्या बुद्धिबळात प्यादं ज्या घरात पोचतं त्या घराची सोंगटी होतं. कोपऱ्यात पोचलं तर हत्ती. त्याच्याशेजारी घोडा. मग उंट. मधल्या दोन घरांत गेलं तरच वजीर. घोड्याच्या घरात गेलेलं प्यादं वजीर कसं होईल? माझ्या मनाला तो प्रश्नच पडला नव्हता.

आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचा पट कापडी होता, मळखाऊ लाल, त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं घरं शिवलेली. काळी-पांढरी घरं नव्हती. सगळी एकाच रंगाची, काही घरांत फुल्या. हिंदुस्थानात जुने पट तसेच असत. प्यादं एकेकच घर चाले. राजाला कॅसलिंग नव्हतं. त्याऐवजी एकदाही शह बसलेला नसेल तर राजा आयुष्यात एकदाच घोड्याची उडी मारू शकत असे. आणि सगळ्यात मानाची मात प्याद्यानं दिलेली. मराठीत प्यादेमात हा शब्द आहेच. वजिरानं मात केली तर आजोबा ‘हं’ म्हणत आणि सोंगट्या गोळा करत.

हे नियम त्यांच्या घरचे नव्हते. हॅरल्ड मरे या इंग्रज शिक्षकानं 1913 साली बुद्धिबळाचा जो जाडजूड इतिहास प्रसिद्ध केला, त्यात हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांच्या नियमांची नोंद आहे, आणि आजोबांचे बहुतेक नियम मला तिथे जसेच्या तसे सापडले. मरेचे वडील जेम्स मरे म्हणजे ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे संपादक. मुलानं हस्तलिखितं वाचता यावीत म्हणून अरबी शिकून घेतली. घराण्याचा गुण म्हणायचा. युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटी वजिराला आणि उंटाला लांब पल्ल्याच्या चाली मिळाल्या. त्या पुढे आपल्याकडेही आल्या. पण प्याद्याची पहिली दुहेरी चाल आणि कोणतीही सोंगटी निवडण्याची मुभा आपल्या लोकांनी घेतली नाही. का घेतली नाही, याला कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं मी वाचलेलं नाही. मला वाटतं, त्यांना घाई नव्हती. प्यादं एकेक घर चालणार असेल तर दोन्ही सैन्यं आपापल्या हद्दीत आधी नीट मांडून घेतात आणि मग भिडतात. गॅम्बिट म्हणजे प्यादं देऊन वेळ विकत घेणं. जिथे वेळ स्वस्त आहे तिथे त्यासाठी प्यादं कोण देईल?

या दोन बुद्धिबळांमधली ये-जा फार जुनी आहे. 1814 साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं. मूळ संस्कृत ग्रंथाचं ते भाषांतर, आणि मुखपृष्ठावरच म्हटलंय की ते युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं आहे. म्हणजे भाषा बदलताना नियमही बदलले. माझ्या धंद्यातल्या लोकांनी त्या एका वाक्यावर एक परिसंवाद घ्यावा.

कलकत्त्यात पुढची गोष्ट घडली. जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर, युरोपातला नावाजलेला खेळाडू, तिथे वकिली करत होता. त्याला मोहेशचंद्र बंदोपाध्याय भेटले. त्यांचे खूप डाव कॉक्रेनमुळे टिकून राहिले. मोहेशचंद्र इंग्रजी नियमांनी खेळू लागले तरी हाताची सवय गेली नाही: प्यादी एकेक घर पुढे, उंट बाजूला काढून लांबून नेम धरणारा. समोरच्यानं मधली घरं व्यापली तर व्यापू दे. 1855 च्या एका डावात त्यांनी जी मांडणी केली तिला युरोपनं 1920 च्या दशकात ग्रुनफेल्डचं नाव दिलं. अशा एकेक घर चालणाऱ्या बचावांच्या सगळ्या कुळाला आज जगभर ‘इंडियन’ म्हणतात. आपण नियम सोडले आणि लकब जगाला दिली, असं म्हणता येईल. पण मोहेशचंद्रांचं नाव त्या कुळातल्या किती खेळाडूंना ठाऊक असतं?

मीर सुलतान खानची कहाणी आता बऱ्यापैकी माहीत झाली आहे. पंजाबातल्या खेड्यातला मुलगा, वडिलांकडून देशी नियमांनी शिकला. सर उमर हयात खान यांच्या पदरी असताना विलायती नियम शिकला आणि त्यांच्याबरोबरच इंग्लंडला गेला. 1929, 1932, 1933 असा तीनदा ब्रिटिश विजेता. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं. सगळे सांगतात की त्याची सुरुवात कच्ची असे आणि शेवट अजोड. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या खेळात तो वाढला त्यात सुरुवात नावाचं वेगळं शास्त्र नव्हतंच. आणि शेवटात प्यादं कुठल्या घरात पोचतंय यावर तो कोण होणार हे ठरत असेल, तर शेवट किती बारकाईनं खेळावा लागत असेल! 1966 मध्ये तो गेला. मानद ग्रँडमास्टर हा किताब त्याला मिळाला 2024 मध्ये.

स्वातंत्र्यानंतर देशी बुद्धिबळ फार लवकर ओसरलं. 1955 साली आंध्रात एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. 1961 मध्ये मॅन्युएल एरन आपले पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. स्पर्धा म्हटली की नियम एकच हवेत, आणि ते जगाचे हवेत, याला पर्याय नव्हता. त्यातही मुलांच्या स्पर्धा. कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा 1951 मध्ये इंग्लंडात सुरू झाली, युगोस्लाव्हियाचा इव्हकोव्ह पहिला विजेता. 1987 मध्ये फिलिपिन्समधल्या बागिओला विश्वनाथन आनंदनं ती जिंकली आणि त्यानंतर घरोघरी मुलांच्या हातात काळे-पांढरे पट आले. पुण्याची सौम्या स्वामिनाथन 2009 मध्ये मुलींची विजेती झाली, नागपूरची दिव्या देशमुख 2024 मध्ये. मी त्या सभागृहात मुलांसमोर बसू शकले, त्यालाही एक इतिहास आहे. 1976 साली तेराव्या वर्षी महिलांची राष्ट्रीय विजेती झालेली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या स्पर्धेत उतरली तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी महिलांना अडवता येणार नाही असा निर्वाळा दिला. माझ्या वडिलांनी ते कात्रण माझ्या जन्माच्या आधीपासून जपलं होतं.

नियम एक झाले तरी नावं एक झाली नाहीत, हे मला जादवपूरला तुलनात्मक साहित्य शिकताना कळलं. वसतिगृहात एका बंगाली मैत्रिणीबरोबर खेळत होते. ती दिलदारपणे म्हणाली, तुझा गज जातोय, बघ. मी घाईघाईनं कोपऱ्यातला हत्ती बाजूला केला. तिनं माझा उंट खाल्ला. बंगालीत गज म्हणजे आपला उंट, आणि आपला हत्ती म्हणजे त्यांची नौका. आम्ही दोघी एकाच पटावर बसून हत्ती या एकाच प्राण्याबद्दल बोलत होतो आणि तो दोन ठिकाणी उभा होता. नंतर रशियन शिकणाऱ्या तिसरीनं सांगितलं की रशियनमध्येही उंटाच्या जागी हत्तीच असतो आणि कोपऱ्यात नावच असते; वजिराला ते फेर्झ म्हणतात, म्हणजे हिंदीतल्या म्हणीत प्याद्याचा होतो तो फर्जीच, फारसीतून गेलेला. त्या रात्री बंगाल आणि रशिया एका बाजूला आणि मी एकटी मराठी दुसऱ्या बाजूला असा सामना झाला.

सांगलीचा तो डाव मी एकेचाळिसाव्या चालीला हरले. माझ्या त्या दोन कुरूप प्याद्यांनीच अखेर घात केला. हात मिळवल्यावर त्या मुलानं सोंगट्या परत मागे नेल्या, उंट खाल्ला असता तर काय झालं असतं ते दाखवायला. दोन-चार जण जमले. त्यानं प्यादं शेवटच्या रांगेत नेलं आणि ऐटीत बाजूचा घोडा उचलून तिथे ठेवला. मी म्हटलं, हे मला दिसलं होतं. कुठल्या पुस्तकात? त्यानं विचारलं. मी म्हटलं, आजोबांनी शिकवलंय. तो हसला नाही, हे सांगायला हवं. त्यानं मनापासून विचारलं, तुझ्या आजोबांकडे आल्बिन आहे? मला आल्बिन म्हणजे पुस्तकाचं नाव वाटलं, मी हो म्हटलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कापडी पट अंथरला आणि ती स्थिती मांडून आजोबांना दाखवली. मला शाबासकी हवी होती. त्यांच्या नियमानं मला वाचवलं होतं, हरले तरी त्यात त्यांचा मान होता.

आजोबा चष्मा पुढे ओढून बराच वेळ बघत राहिले.

“हे प्यादं आत गेलं कसं?” त्यांनी विचारलं.

“घोडा खाऊन गेलं की आजोबा. घोड्याचं घर आहे, म्हणून घोडा झाला.”

“त्याचे घोडे किती मेलेत?”

मी पाहिलं. काळ्याचे दोन्ही घोडे आपापल्या घरी उभे होते.

“एकही नाही.”

“मग? मेलेला घोडा परत येतो बाळ. नवा कुठनं येणार? दोन्ही जिवंत असताना प्यादं आत जायचंच नाही. तिथंच बाहेर बसून राहायचं, घोडा मरेपर्यंत.” त्यांनी ते प्यादं बोटानं मागे ओढून सातव्या घरात ठेवलं. “तुमचा तो मुलगा चूक खेळत होता.”

“खेळला नाही आजोबा, मी उंट खाल्लाच नाही.”

“का नाही खाल्लास? खायचा की. फुकटचा होता.”

मला काय उत्तर द्यावं कळेना. ज्या नियमानं मला धोका दिसला तो मी अर्धाच लक्षात ठेवला होता. पूर्ण आठवला असता तर मी निर्धास्त उंट खाल्ला असता आणि दहा चालींत हरले असते. विलायती नियम नीट आठवला असता तर वजिराचा हिशेब करूनही तेच केलं असतं. माझ्या डोक्यात जो नियम होता तो दोन्ही बुद्धिबळांत नव्हता.

फार पुढे, मरेनंतर आणखी वाचत गेले तेव्हा फिलिदोर सापडला. अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार आणि त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. 1749 पासून निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांत तो म्हणतो की प्याद्यानं फक्त आधी मारल्या गेलेल्या सोंगटीचं रूप घ्यावं. एका बाजूला दोन राण्या ही गोष्ट त्याला पटत नव्हती. हा वाद युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. म्हणजे मिरजेचे माझे आजोबा आणि पॅरिसचा फिलिदोर यांनी त्या प्याद्याला घोडा होऊ दिलं नसतं, आणि लास्करचा सापळा दोघांच्याही पटावर लागला नसता. तो लागायला आल्बिनचं शतक यावं लागलं, जिथे प्यादं शेवटच्या रांगेत पोचल्यावर तुला काय व्हायचंय असं त्याला विचारलं जातं.

त्या संध्याकाळी मी हट्ट धरला, की हा डाव आपण पहिल्यापासून तुमच्या नियमांनी मांडू या. मला ती उलटी चाल खेळून बघायची होती, आता मी काळ्या बाजूनं. मी मनात मोजलं होतं: एकेक घर चाललं तरी चार चालींत तीच स्थिती येते. आजोबा तयार झाले. त्यांनी वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं, मीही सरकवलं. परत त्यांनी, परत मी. प्यादी समोरासमोर आली.

“आता उंटापुढचं,” मी म्हटलं. “ते पुढं करा आजोबा.”

“कशाला?”

“ते मला द्यायचं असतं.”

“मी कशाला देऊ तुला प्यादं?” ते म्हणाले, आणि त्यांनी घोडा बाहेर काढला.